बाजारातल्या बायकांची मुतारी

गोदाकाठच्या जुन्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान कसलं, एक मशीन, एक कपाट आणि गिऱ्हाईक टेकेल एवढा बाक. नवरा गेल्यापासून मी एकटीच ते चालवते. निवडणूक होऊन थोडे दिवस झाले आणि आमच्या प्रभागाचे नगरसेवक गल्लीत आले. मतं मागताना हात जोडून आलेली माणसं आता बोटं दाखवत फिरत होती. इथून तिथपर्यंत फरशी, तिथं दिवे. माझ्या मनात पाल चुकचुकली. मतं मिळाल्यावर पायी गल्लीत कोण येतं?

त्यांच्यात एक बाई होती. निवडून आलेली ती, पण बोलायचा तिचा नवरा. लोक त्यालाच नगरसेवक म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा.

मग त्यांनी मंगल कार्यालयात आम्हा दुकानदारांची, विक्रेत्यांची सभा घेतली. पडद्यावर नव्या बाजाराचं चित्र दाखवलं. दगडी फरशी, जुन्या धर्तीचे दिवे, बाकं, झाडं. कुंभमेळ्याला जगभरातून लोक येतील, बाजार बघून थक्क होतील, असं तिचे नवरोबा सांगत होते. शेजारी बसलेली फुलवाली माझ्या कानाशी लागली, "ताई, आपली मुतारी कुठं दिसत नाय."

खरंच दिसत नव्हती. कडुलिंबाखाली जिथं ती आहे, तिथं चित्रात कारंजं उडत होतं. मुतारी म्हणजे काही राजवाडा नव्हे. कडी तुटलेली, आत गेलं की एका हाताने दार ओढून धरायचं. पण अख्ख्या बाजारातल्या बायकांना तेवढीच एक जागा. मी उठून विचारलं.

"काकू, सगळं होईल," नवरोबा हसून म्हणाले. "आधी बाजार सुंदर तर होऊ द्या!"

सगळा हॉल हसला. निवडून आलेली ती बाई मान खाली घालून बसली होती. मी घरी येताना फुलवालीला म्हटलं, "गेली आपली मुतारी."

दोन-तीन दिवसांनी ती नगरसेविका माझ्या दुकानात आली. एकटीच. ब्लाउजच्या बाह्या घट्ट होतात म्हणाली. मी माप घेत होते तर हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही दिवसभर इथं असता. जायचं झालं तर?"

"पाणी कमी पिते," मी म्हटलं.

"अजून किती जणी आहेत अशा?"

मी टेप गुंडाळला. नवऱ्यानेच पाठवली असणार, कोण कोण आरडाओरडा करेल ते हेरायला. "नावं कशाला हवीत तुम्हाला?"

"नावं नकोत. मला जागा दाखवा."

मी नेलं. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा पदर नाकाला होता आणि साडीचा काठ भिजला होता. माझ्या माठातल्या पाण्याने तिने हात धुतले. "महासभेत हा विषय येतोय. या बसायला," एवढंच म्हणाली आणि गेली. हा बोलवण्याचा प्रकारही मला खटकला. आमच्या देखत विषय मंजूर करून घ्यायचा, म्हणजे पुढं बोलायला तोंड उरायला नको.

तरी मी फुलवालीला घेऊन गेले. प्रेक्षकांच्या सज्जात आमच्यापासून दोन खुर्च्या सोडून नवरोबा बसले होते. सभागृहात त्यांना प्रवेश नव्हता. विषय निघाला. एक सदस्य म्हणाले, आधी पार्किंग करा. दुसरे म्हणाले, फेरीवाले हलवा. तिसऱ्यांना कारंजं आणखी उंच हवं होतं. नवरोबांची बोटं मोबाइलवर चालायची, की खाली ती आपला मोबाइल बघायची.

"बघा, पोपट पढवून राह्यलाय," फुलवाली कुजबुजली. "ही नाय बोलायची."

मलाही तेच वाटत होतं. तेवढ्यात तिने मोबाइल पालथा ठेवला आणि ती उभी राहिली.

"नवं स्वच्छतागृह सुरू झाल्याशिवाय जुन्याची एक वीट काढायची नाही, असं ठरावात घ्या."

"मॅडम, सुशोभीकरणाचा विषय चाललाय," कोणीतरी म्हणालं.

"मी त्यावरच बोलतेय. दिवसभर बसणाऱ्या बाईला जायला जागा नाही, तो बाजार कसला शोभतो? मी स्वतः आत जाऊन आलेय. तुमच्यापैकी कोण गेलंय?"

मग समोरच्या पक्षातल्या एका बाईने बाक वाजवला. दुसरीने वाजवला. बघता बघता सगळ्या बायका वाजवायला लागल्या, आणि महापौरांनी दुरुस्तीसह ठराव मंजूर केला. नवरोबा उठले आणि आमच्याकडे न बघता निघून गेले.

फुलवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मात्र नाही. ठराव फिरवायला किती वेळ लागतो? पुढचे कित्येक महिने मी सकाळी शटर उघडायच्या आधी कडुलिंबाकडे बघून यायचे. एकदा खरंच जेसीबी आला. आम्ही सगळ्या जणी जाऊन मुतारीच्या दारात बसलो. "मावशी, मी गटाराच्या कामाला आलोय," ड्रायव्हर काकुळतीला येऊन म्हणाला. आम्ही उठलो नाही. त्याने आमच्यासमोर गटार खणलं, पाइप टाकला आणि तो गेला.

शेवटी भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर नवं स्वच्छतागृह झालं. आतून कडी लागते, नळाला पाणी येतं. जुनं त्यानंतरच पाडलं. उद्घाटनाला भाषण नवरोबांनीच केलं आणि श्रेयही घेतलं. ती शेजारी उभी होती.

नंतर ती नवा शिवलेला ब्लाउज न्यायला आली तेव्हा मी विचारलं, "महासभेच्या त्या दिवशी घरी काय झालं?"

"तेवढं विचारू नका, काकू," ती म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

आता फेरीवाले हलवायचा विषय निघालाय. ती कोणाच्या बाजूने बोलेल, मला सांगता येत नाही. नवऱ्यासोबत दिसली की मन धास्तावतं, एकटी दिसली की थोडा धीर येतो. पुढच्या महासभेला मी आणि फुलवाली जाणार आहोत. या खेपेला भाजीवाल्याही येतो म्हणाल्यात.