कानपूरची स्प्रिंग

आधी मामा रिव्हॉल्व्हरची चक्री उघडायचे. गोळ्यांची सगळी घरं उजेडाकडे धरून स्वतः बघायचे आणि समोरच्यालाही दाखवायचे, की बघा, रिकामी आहेत. मग चक्री मिटून रिव्हॉल्व्हर कानाशी न्यायचे, डोळे बंद करायचे आणि घोडा अलगद मागे ओढायचे. आत बारीकसं 'टिक' व्हायचं. मध्येच कुणी तोंड उघडलं की दुसरा हात वर. "थांबा. बोलू द्या तिला."

मग दुकानात सगळे गप्प. पंखा तेवढा कुरकुरत राहायचा आणि झरोक्यातून आलेला उन्हाचा पट्टा मामांच्या पांढऱ्या केसांवर पडलेला असायचा. आजही दुपारी डोळा लागायला आला की मला तो पट्टा दिसतो.

नांदेडच्या जुन्या बाजारातलं आमचं बंदुकांचं दुकान तुम्ही पाहिलंही असेल आणि मुकाट्यानं पुढे गेला असाल. मी तिथे कागदपत्रं सांभाळते. लातूरहून लग्न होऊन आले, नोकरी हवी होती, ही मिळाली. सासूबाई शेजारणींना वर्षभर सांगत होत्या, सून कापडाच्या दुकानात जाते म्हणून. आणि मी कसली शूर! मला फटाक्याचीसुद्धा भीती. पहिल्याच दिवशी कुणीतरी टेबलावर बंदूक ठेवली, तर मी खुर्ची पार भिंतीला टेकवली. दुरुस्तीच्या बाकावरून पिकल्या केसांचे एक गृहस्थ हसले.

"बाई, रिकामी हाय ती. अन् भरलेली असती तर भिंतीपशी जाऊन काय करनार व्हता?"

ते आमचे मिस्त्री. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

मामा सगळ्याच बंदुका दुरुस्त करायचे, पण जीव लहानीवर. लहानी म्हणजे बावीस बोअरचं, अगदी बारीक गोळीचं रिव्हॉल्व्हर. "ल्हानी लई गुणाची," हे वाक्य दिवसातून चारदा तरी व्हायचं. एकदा एक ठेकेदार आले. म्हणाले, लोकांना लांबून दिसलं पाहिजे असं मोठं काहीतरी द्या. मामांनी वर न बघता विचारलं, "तुमच्या मिशा दिसून राहिल्या की लांबून. आनखी काय दाखवता?" ठेकेदार तसेच गेले. मालक आठवडाभर मामांशी बोलले नाहीत.

पण खरे शौकीन मामांकडेच यायचे. हदगावचे एक कापूसवाले होते, घरी मोठी रायफल असून इथे तासभर लहानी हातात घेऊन बसायचे. तळहातात मावते, मनगटाला धक्का देत नाही, आणि चक्री फिरली की घड्याळाला चावी दिल्यासारखं समाधान वाटतं, असं त्यांचं म्हणणं. मामांचं कारण वेगळं. "मोठीचा आवाजच एवढा, की नेम चुकला तरी मानसाला मोठं काम केल्यावानी वाटतं. ल्हानी चूक झाकत न्हाई. हात कापला की लगेच सांगती."

एका रविवारी मामांनी मला आणि माझ्या नवऱ्याला चांदमारीच्या मैदानावर नेलं. मी दोन्ही कान गच्च दाबून उभी. मामांनी हात लांब केला, श्वास सोडला. उन्हात सोयाबीनची शेंग तडकावी तेवढाच आवाज झाला. दूर एक टिटवी ओरडत होती, ती ओरडतच राहिली. धूळ जागची हलली नाही. मामा तसेच उभे होते, हात अजून पुढे, चेहरा झोपेतून नुकतं उठल्यासारखा. मी हळूच कानावरचे हात काढले. बाई गं, मला ते परत ऐकायचं होतं.

नायगावचे एक निवृत्त गुरुजी या मंडळींतले जुने. त्यांच्या लहानीचा परवाना वडिलांच्या वेळेपासूनचा, शेतातल्या घरासाठी काढलेला. गुरुजी दुकानात आले की उंबऱ्यातच चक्री उघडायचे, रिकामी घरं सगळ्यांना दाखवायचे आणि मगच वस्तू मामांच्या हाती द्यायचे. ही या लोकांची रीतच. न दाखवता हातात दिली तर मामा देणाऱ्याला हाकलून लावायचे.

गुरुजींची बायको वारली. महिन्याभरानं ते आले, तेव्हा रिव्हॉल्व्हर रुमालात बांधलेलं होतं. त्यांनी ते तसंच बाकावर ठेवलं. "मिस्त्री, जरा बघून ठेवा. सगळं एकदा मार्गी लावून राहिलो. हिचं शिलाई मशीन भाचीला दिलं, गाय भावाकडं धाडली." मामा त्यांच्याकडे पाठ करून उजेडाकडे वळले. थोड्या वेळानं 'टिक' झालं, मला टेबलापर्यंत ऐकू आलं. मामा म्हणाले, "गुरुजी, स्प्रिंग गेली हिची. कानपूरहून मागवावी लागल. ठिवून जा."

त्यानंतर गुरुजी दर शनिवारी यायचे. "आली का स्प्रिंग?" "न्हाई आली. बसा, चहा घ्या." बसायचे, पेपर वाचून दाखवायचे, जायचे.

मला कामाचा भारी उत्साह! मामांना काही जमत नाही असं समजून मीच कानपूरला फोन लावला. पंधरा दिवसांत पुडकं हजर. गुरुजी समोरच होते. मी पुडकं नाचवत म्हणाले, "गुरुजी, आली बरं का तुमची स्प्रिंग!" मामांनी ते माझ्या हातातून घेतलं, फोडलं, बघितलं आणि खिशात टाकलं. "मोठीची पाठवली. नुसते बेअक्कल लोक."

गुरुजी गेल्यावर मामा माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं आता ओरडतील.

"बाई, इतक्या वर्सांत त्या मानसानं उघडून दाखवल्याबिगर वस्तू दिली न्हाई. त्या दिवशी तशीच ठिवली. अन् ती रिकामी न्हवती. गोळ्या मी काढून घेतल्या, स्प्रिंग धड हाय."

कप्पाळ माझं! मी काय करून बसणार होते! मामा म्हणाले, "त्यांच्या भावाला मी त्याच दिवशी फोन केला. घरात एकटं सोडत न्हाईत आता. पन स्प्रिंग यायची न्हाई, समजलं का?"

समजलं. उन्हाळ्यात एका शनिवारी गुरुजी आले आणि स्प्रिंगचं विचारायलाच विसरले. भावाची नात सायकल कशी शिकली ते सांगत बसले. त्याच्या पुढच्याही शनिवारी विसरले. असे कितीतरी शनिवार गेले. पेरण्या झाल्या, सोयाबीन काढून झालं, तेव्हा कुठे मामांनी रिव्हॉल्व्हर कपाटातून काढून त्यांच्यापुढे ठेवलं. गुरुजींनी ते उचललं. मग त्यांनी चक्री उघडली आणि सगळी रिकामी घरं आधी मामांना दाखवली, नंतर मला. "पाहिलं ना, बाई?" पाहिलं, म्हणाले मी. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या वर्षी मामी गेल्या. मामा पंधरवड्यानं कामावर आले, पण बाकावर बसले नाहीत. थेट माझ्यासमोर उभे राहिले आणि स्वतःची लहानी काढली. चक्री उघडून दाखवली, मिटली, टेबलावर ठेवली.

"हिची स्प्रिंग गेली, बाई."

मी वही पुढे ओढली.

"कानपूरहून मागवा. अन् मी कितीबी मागितली, तरी आली न्हाई म्हना. जिम्मा तुमचा."

"हो मामा," मी म्हणाले. "वेळ लागेल. बसा, चहा घ्या." लहानी रुमालात बांधून मी कपाटात कुलूपबंद केली. मामांच्या लेकीला लगेच निलंग्याला फोन केला, ती संध्याकाळच्या एसटीनं आली. गुरुजी दुसऱ्या दिवसापासून रोज नायगावहून येऊन मामांशेजारी बसू लागले. पेपर वाचून दाखवायचे. मामा ऐकायचे की नाही कोण जाणे. मधूनच मान वर करून विचारायचे, "आली का?" मी नाही म्हणायचे. एका दुपारी ते उठून टेबलाशी आले, टेबलावर मूठ आपटली. "माजी वस्तू हाय ती! द्या हिकडं!" कपाटाची किल्ली माझ्या पदराला होती. मी जागची उठले नाही.

"स्प्रिंग आली नाही, मामा."

मामांनी मूठ सोडली. पंखा कुरकुरत होता. मग ते बाकाकडे गेले आणि दुसऱ्या कुणाचीतरी लहानी उचलून कानाशी नेली. डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी कधी मागितली नाही, आणि मीही कधी विषय काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात मामांच्या छातीत कफ झाला. आठ दिवस दवाखान्यात होते, लेक उशाशी. मी भेटायला गेले तर मला ओळखून हसले. म्हातारा मिश्कील तो मिश्कीलच. "बाई, आली का वो स्प्रिंग?"

"नाही आली, मामा."

"लई बरं झालं," म्हणाले. "नातीचं लगीन बघून झालं."

दोन दिवसांनी ते गेले.

त्यांची लहानी जमा करून घ्यायला पोलीस ठाण्यातून हवालदार आले. मी कपाट उघडलं, रुमाल सोडला. हवालदारांनी कागद पुढे ओढला. "चालू हाय का ही?"

मी चक्री उघडली, सगळी घरं त्यांना दाखवली, मिटली आणि रिव्हॉल्व्हर कानाशी नेलं.

"ओ बाई, चालू हाय का न्हाई?"

"थांबा," मी दुसरा हात वर केला. "बोलू द्या तिला."