वसूल न होणारी दोरी

पिसांची खोटी माशी लावून मासे धरायचा मला नाद आहे. त्यासाठी परवा घेतलेली दोरी मुद्दाम खरखरीत केलेली आहे. तिच्या अंगावरचे बारीक उंचवटे गळाच्या काठीवरच्या कड्यांना जेमतेम टेकतात, म्हणून ती न अडखळता दूर सुटते आणि जाताना सर्र वाजते. साध्या दोरीपेक्षा ती बरीच महाग आहे. शिवाय बोट सोलवटतं.

धरणावर जाळं टाकणाऱ्या भिकूमामांनी काल ती चिमटीत धरून पाहिली.

"हिला मासं जास्त लागत्यात का?"

"नाही."

"मग वसूल कशी व्हायची?"

हा शब्द आपण कुठे म्हणून सोडलेला नाही. थाळी वसूल व्हावी म्हणून पोट दुखेपर्यंत जेवतो. सहल वसूल व्हावी म्हणून धबधब्याशी पाच मिनिटं थांबून पुढच्या देवळाकडे पळतो. मीही जन्मभर तेच केलं. आता करणार नाही. मासा लागला तरी मी तो सोडूनच देतो. मला फक्त ती दोरी पाण्यावर उलगडताना बघायची असते. झिजली तर अशीच दुसरी घेईन, आणि का घेतली ते कुणाला सांगत बसणार नाही.

मामांच्या हातात मी काठी दिली. दोनदा दोरी त्यांच्या पायाशीच गोळा झाली. तिसऱ्यांदा मनगटाचा झटका जमला आणि ती सर्र करत लांब जाऊन अलगद पडली. मासा काही लागला नाही.

मी काठीसाठी हात पुढे केला.

"थांबा की जरा," मामा म्हणाले.