मधलं पापलेट

हसा खुशाल. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीच सगळ्यात आधी हसले असते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, रोज लोकांचे रिपोर्ट काढते... नवस-बिवस, देवीचा कोप वगैरे माझ्यासाठी निव्वळ टाइमपास होता.

आम्ही दहिसरला राहतो, चेकनाक्याजवळच्या टॉवरमध्ये. मी, नवरा नीलेश आणि सासूबाई. मागे नीलेशला न्यूमोनिया झाला, पार व्हेंटिलेटरवर गेला. डॉक्टरांनीही हात टेकले. तेव्हा आईंनी – सासूबाईंना मी आईच म्हणते – गावच्या देवीला नवस बोलला, "माझ्या झिलाक घराक धाड, मी जल्माचो मासो सोडतंय." नीलेश घरी आला. आणि ही मालवणी बाई आमच्या ताटाकडे न बघता डाळ-भात खायला लागली.

मला ते बघवेना. एका रविवारी बोरिवलीच्या मार्केटमधून तीन पापलेटं आणली. म्हटलं, "आई, आज ओव्हनमध्ये करतेय. ना मसाला, ना खोबरं, ना कोकम. फक्त मध, सोया सॉस आणि लसूण. तुमच्या देवीला कळणारपण नाही हा मासा आहे ते!"

"नको गो. शब्द दिलेलो आसा."

"तुम्ही कालवण सोडलंत, तळलेलं सोडलंत. हे कुठे त्यात येतं?"

आई हसल्या. ओट्याजवळ जरा घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, "ता मधला माका ठेय. बारीकसा आसा."

पापलेटांना चिरा दिल्या, ट्रेमध्ये मांडली आणि ब्रशने मध-सॉसचं ग्लेझ लावायला घेतलं. मधल्याला लावत होते तेवढ्यात बेडरूममधून नीलेश ओरडला, "अगं, पाठीला काय चिकट लावतेस यार?"

मी तर किचनमध्ये! "स्वप्न पडलं रे तुला, झोप," म्हटलं आणि ट्रे आत सरकवला.

थोड्या वेळाने परत हाक. "पंखा वाढव ना... भाजतंय गं." जाऊन बघते तर अंग तव्यासारखं तापलेलं. थर्मामीटर लावला – एकशे चार! सकाळी हाच माणूस मजेत चहा पीत बसला होता. पुन्हा ते आयसीयू, त्या नळ्या... डॉक्टर फोन उचलेनात. अंग पुसायला टी-शर्ट वर केला तर पाठ चिकट. हात नाकाशी नेला – मध आणि लसूण.

धावत किचनमध्ये गेले, ओव्हन उघडला. कडेची दोन्ही पापलेटं मस्त तांबूस, त्यांच्यावरचं ग्लेझ खदखदतंय. आणि मधलं... पांढरंफटक, कच्चं. ग्लेझचा एक थेंब नाही. बोट लावलं तर बर्फासारखं थंड! हात मागे घेताना ट्रेच्या कडेचा चटका बसला.

आई मागेच उभ्या होत्या. ओव्हन बंद केला आणि तिथेच लादीवर डोकं टेकलं. "चुकलंय गो आये, चुकलंय. मासो तुझो, झील माझो. माका काय नको." इतक्या हमसून रडल्या की मीपण त्यांच्या शेजारी बसून रडायला लागले.

"काय झालं? आई का रडतेय?" नीलेश दारात उभा. घामाने निथळत होता, पण अंग गार पडलेलं, ताप उतरलेला.

डॉक्टर म्हणाले व्हायरल असेल. रिपेअरवाला म्हणाला ओव्हन ओके आहे. नीलेश म्हणतो, मीच हात न धुता त्याच्या पाठीला लावला. लावलाही असेल, बाबा. पण ते गार पापलेट मी माझ्या बोटाने बघितलंय, त्याचं काय?

आणि खरं सांगू, आता भीती वेगळीच आहे. आईंची सत्तरी उलटलीय. उद्या त्या गेल्या तर त्यांचा शब्द कोण पाळणार? त्यांना विचारायची हिंमत होत नाही. म्हणून मीही मासा सोडलाय. नीलेशला सांगितलंय, ॲलर्जी झालीय.