फोनवरचा निंबा

१९९१च्या एप्रिलमधला गुरुवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. असोद्याच्या शिवारात वायरमन निंबा सपकाळे अकरा हजार व्होल्टच्या खांबावर, कमरेला पट्टा बांधून उभा होता. तार पेलणारा तडकलेला चिनी मातीचा कप काढून नवा बसवायचा, एवढंच काम. तार हातात होती. मदतनीस लग्नाला गेलेला, त्यामुळे खाली कोणी नव्हतं.

तारेत वीज नव्हती, कारण चार किलोमीटरवरच्या उपकेंद्रात त्याने ‘लाइन क्लिअर’ घेतली होती. म्हणजे वायरमनने रजिस्टरात सही करायची, ऑपरेटरने लाइन बंद करायची, आणि त्याच वायरमनने येऊन दुसरी सही केल्याशिवाय ती सोडायची नाही. हा नियम झाला. रीत वेगळी होती. पितांबर नाना ऑपरेटर असताना काम उरकलं की निंबा दूध डेअरीतून फोन करी, ‘निंबा बोलतो, काम झालं, लाइन सोडा.’ नाना आवाज ओळखत. आठ वर्षं असंच चाललं. चुकून वीज आलीच तर ती परस्पर जमिनीत जावी म्हणून तारांवर साखळी टाकतात. तीही निंबाने हळूहळू सोडून दिली. नाना असताना साखळी टाकणं त्याला नानांचा अपमान वाटे.

नाना मार्चअखेर निवृत्त झाले. त्यांच्या जागी धुळ्याच्या देवपूरचा रतिलाल आला. सकाळीच दोघांची जुंपली होती.

“काम झालं की डेअरीतून फोन करतो.”

“फोन नको. येऊन सही करा.”

“या उन्हात चार किलोमीटर? नाना तर आवाजावर लाइन सोडायचे.”

“सोडत असतील. मी तुमचा आवाज ओळखत नाही, भाऊ.”

निंबा तणतणत निघाला. साखळी सायकलच्या कॅरिअरलाच राहिली.

आता खालून झुलाल ओरडला. समोरची केळीची बाग त्याची. मोटार बंद, बागेला पाणी नाही. “निंबाभाऊ, झोपला का वर? अजून किती येळ लागीन?”

“अर्धा तास.”

“तुहा अर्धा तास मले माहीत हाये!” झुलालने मोटारसायकलला किक मारली.

निंबाने सहज तिकडे पाहिलं. केळीच्या पानांपलीकडे मोटारसायकल डेअरीच्या पत्र्यासमोर थांबली. झुलालच्या घरी दुभतं जनावर नव्हतं, आणि या वेळी डेअरीत फोनशिवाय काही चालू नसे. आठ वर्षं तो फोन निंबाने गावासमोर केला होता. काय बोलायचं ते झुलालला तोंडपाठ असणार.

निंबाच्या हातातून पाना सुटला. तारेपासून हात काढून त्याने पट्टा सोडवायला घेतला; कडी निघेना. रतिलालशी आपण सकाळी कसे बोललो, ते सगळं त्याला आठवलं. कडी निघाली. तो एकेक पाय चाचपत उतरला. वर अर्धवट कप लोंबकळत होता. तारेत वीज आहे की नाही, हे बघून कळत नाही.

सायकल मारत तो सव्वाअकराला उपकेंद्रात पोचला. रतिलालने रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. ‘१०.५२. असोदा डेअरीतून फोन. निंबा सपकाळे असे नाव सांगितले. सही नाही. लाइन बंद.’ खाली ‘१०.५८. पुन्हा फोन. शिवीगाळ.’

“मी नव्हतो तो,” निंबा म्हणाला. “मी वर होतो.”

रतिलालने दोन्ही नोंदी पुन्हा वाचल्या. “मला वाटलं, तुम्हीच. सकाळी रागावलाच होतात. शिवी ऐकल्यावर तर खात्रीच पटली.”

“तरी सोडली नाही?”

“सही कुठं होती?”

निंबा बाकावर बसला. न विचारताच बोलला, “मी साखळी टाकली नव्हती.”

रतिलालने टोपण काढलं. “लिहावं लागेल.”

“मेमो येईल मला.”

“येईल. तुम्ही आपणहून सांगितलं, हेही लिहितो.” त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं. एक शब्द जास्त नव्हता, एक कमी नव्हता.

निंबाने साखळी टाकून काम संपवलं, दीड वाजता येऊन सही केली. झुलाल वाटेत भेटला. “मी तर नुसतं इचारलं व्हतं, भाऊ.” निंबा सायकलवरून उतरला नाही.

संध्याकाळी यशोदाबाईने नवऱ्याला विचारलं, “नवा मानूस कसा हाये?”

“कोनाचाच इश्वास धरत नाही.”

“मंग कसं जमन?”

“जमन,” निंबा म्हणाला, आणि मेमोचं तिला सांगून टाकलं.

उद्या शुक्रवार. दर शुक्रवारी दहा वाजता सहायक अभियंता उपकेंद्राचं रजिस्टर तपासतात. रतिलालची ड्यूटी सात ते तीन आहे, म्हणजे रजिस्टर त्यांच्यापुढे तोच सरकवणार.