ओबरक्लाइनबाखचं पाणी

धम्मदीपा म्हणजे अशी बाई, की घरातून निघताना गॅस तीनदा बघणार आणि चौथ्यांदा नवऱ्याला बघायला लावणार. अशा बाईच्या हातून असं व्हावं!

जर्मनीत कायझर्सलाउटर्नजवळच्या एका जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत, म्हणजे गेझुंडहाइट्सआम्टमध्ये, तिला पाच महिने झाले होते. प्रोबेत्साइटचा, म्हणजे उमेदवारीचा, एक महिना बाकी; तेवढ्यात चुकलं तर नारळ. तिथल्या छोट्या गावांना स्वतःचा आरोग्य अधिकारी नसतो बरं का. विहीर गावाची, टाकी गावाची, महापौरही गावातलाच. बिचारा दिवसा ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि संध्याकाळी सह्या ठोकतो. पण पाणी पिण्याजोगं की नाही, ते ठरवायचं जिल्ह्याच्या कचेरीनं. साठ गावं, आणि धम्मदीपा धरून तीन माणसं.

शुक्रवारी पाऊण वाजता लॅबचा फोन आला. ओबरक्लाइनबाखच्या बालवाडीच्या पाण्यात जंतू. नाव उच्चारून होईस्तोवर गाव संपतं, एवढंसं ते गाव. आणि दुसऱ्या दिवशी तिथे केर्वे, म्हणजे त्यांची जत्रा!

बालवाडीचं ते सॅम्पल बुधवारी धम्मदीपानंच घेतलं होतं. सॅम्पल घेण्याआधी नळाचं तोंड बर्नरनं भाजायचं असतं, नाहीतर नळावरचेच जंतू बाटलीत जातात. त्या दिवशी गावचे महापौर हेर लाऊअर, म्हणजे लाऊअरसाहेब, शेजारी उभे राहून बँडबाजाच्या गप्पा मारत होते. बर्नर पिशवीतून काढल्याचं तिला आठवत होतं. पेटवल्याचं काही केल्या आठवेना.

तिनं कचेरीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून सगळं सांगितलं.

"हे बघा, ड्यूटीवर तुम्ही आहात. निर्णय तुमचा," बाई म्हणाल्या.

"आणि चुकला तर?"

"तर फाइलमध्ये तुमचं नाव. गप्प बसलात आणि पाणी खरंच खराब निघालं, तर फाइलमध्ये पोरांची नावं."

मग नवऱ्याला फोन. उज्ज्वल म्हणाला, "दीपा, एकच महिना राहिलाय गं. सोमवारी गुपचूप दुसरं सॅम्पल घे ना."

"आणि उद्या जत्रेत पोरं त्याच पाण्याचं सरबत पितील, त्याचं काय?"

"मी आपलं म्हटलं..."

"तू आपला भात लाव!"

हेर लाऊअर फोन उचलेनात, म्हणून ती गाडी काढून गावात गेली. महापौर हातोडा घेऊन तंबूचे खुंटे ठोकत होते.

"पाणी उकळूनच प्यायचं, असं आत्ताच्या आत्ता जाहीर करा," ती म्हणाली.

"उद्या सहाशे माणसं येणारेत! पाणी खराब आहे हे नक्की?"

तंबूतली माणसं कामं सोडून बघायला लागली. एक 'हो' म्हटलं असतं तर सुटली असती की नाही? पण नाही.

"नक्की नाही. नळ भाजायचा माझ्याकडून राहिला असेल."

लाऊअरसाहेब लालबुंद झाले. "म्हणजे तुम्ही विसरलात म्हणून मी माझी जत्रा बुडवू?"

"जत्रा खुशाल करा. पाणी उकळा. नाहीतर लेखी हुकूम काढते. पेन आहे का?" आणि तिनं पर्समधून कागद काढला.

अशा सूचना छापायचं गावचं साप्ताहिक पत्रक आदल्या दिवशीच वाटून झालेलं. मग काय, अग्निशमन दलाची लाल गाडी भोंगा लावून गल्लोगल्ली फिरली: पाणी उकळा, पाणी उकळा! धम्मदीपानं तीन ठिकाणची सॅम्पलं घेतली. नळ असे भाजले की काळे पडले.

दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. रविवारी दुपारी निकाल आला. तिन्ही सॅम्पलं स्वच्छ. म्हणजे चूक तिचीच! फोनवर भागलं असतं, पण ती परत गावात गेली आणि पातेल्यांच्या वाफेत घामाघूम झालेल्या लाऊअरना तोंडावर सांगितलं. त्यांनी एकेका पातेल्याखालचा गॅस बंद करायला घेतला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला झालं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी फाइल पुढे सरकवली. आत दोन ओळी. सॅम्पल चुकलं. निर्णय बरोबर.

"दोन्ही खरं आहे. सही करा."

"आणि माझी नोकरी?"

"त्याआधी हे वाचा." लाऊअरसाहेबांची तक्रार होती. गॅस किती जळला, कॉफी किती उशिरा मिळाली, बायको दोन दिवस कशी बोलत नाहीये, दीड पान नुसता जळफळाट. धम्मदीपानं पान उलटलं. खाली शेवटची ओळ होती:

"पुढच्या तपासणीला याच बाईंना पाठवा. तुमच्या बाकीच्यांचं म्हणे कधी काही चुकतच नाही."