नाकदाजी आणि लगद्याची टाकी

कागदाच्या कारखान्यात त्याला सगळे नाकदाजी म्हणत. दाजी तो खरं तर एकट्या आपल्या मेहुण्याचा. पण मेहुणा दिवसभर 'दाजी, दाजी' करत मागे फिरायचा, म्हणून बघता बघता अख्ख्या खात्याचा दाजी झाला. नाक मात्र स्वतःचंच. लगदा किती शिजला, भट्टीत ओलं लाकूड कोणी टाकलं, मुकादम काय खाऊन आला, हे तो दारातूनच सांगायचा. बायको म्हणायची, "यांच्यापासून करपलेली भाजी लपवायची सोय नाही. देवानं दोघांचं नाक एकालाच देऊन ठेवलंय."

त्या नाकावर कारखान्यात एक रीतच पडून गेली होती. लगदा साठून सडला की त्यातून विषारी वायू सुटतो, त्याला नासक्या अंड्यासारखी घाण येते. म्हणून टाकी साफ करायची असली की झाकण उघडायचं, हवेचा पंखा लावायचा आणि दाजीला तोंडाशी वाकून हुंगायला सांगायचं. घाण आहे तोवर कोणी उतरायचं नाही. घाण गेली की दाजी हात वर करायचा आणि माणसं देवाचं नाव घेऊन शिडीवर पाय ठेवायची. इतक्या वर्षांत कुणाच्या नखाला धक्का लागला नव्हता. जे निभावून जातं, ते बरोबरच असणार असं माणूस धरून चालतो. निभावून नेणारं नशीब वेगळंच असतं, हे ध्यानात राहत नाही.

मेहुण्याला दाजीच्या बायकोनंच वाढवलेलं. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला कामावर लावताना तिनं नवऱ्याला बजावलं होतं, "भाऊ नाही, माझं पहिलं लेकरू तुमच्या हवाली करतेय. तुम्ही हो म्हणाल तिथंच तो उतरेल."

त्या वेळी दुरुस्तीसाठी कारखाना बरेच दिवस बंद होता, आणि मोठ्या टाकीत गुडघाभर लगदा तसाच राहून गेला होता. झाकण उघडलं तशी अशी घाण आली की दाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो तोंड फिरवून खोकला, मुकादमानं पंखा लावला तसा पुन्हा वाकला. आणि वास नव्हताच. एरवी पंखा लावून सकाळ सरायची, तेव्हा कुठं टाकी निवळायची.

"इतक्यात कसा गेला?" तो पुटपुटला.

"पंखा नवा आहे दाजी," मुकादम म्हणाला. "तुमच्यासारखा दमेकरी नाही. करा हात वर."

दाजी आणखी एकदा वाकला. काही नाही. अगदी धुतल्या भांड्यासारखं. त्यानं हात वर केला.

मेहुण्यानं कमरेच्या पट्ट्याला दोर बांधला. दोर वर कप्पीवरून दाजीच्या हातात. शिडी उतरत तो खालून ओरडला, "दाजी, इथं छान गार आहे. ताईला सांगा, दुपारची झोप इथंच."

"सासुरवाडीला आलायस का? फावडं मार आधी."

"मारतो हो. वरती बसून हुकूम सोडायला काय..."

फावडं लगद्यावरच्या वाळलेल्या सायीत घुसल्याचा आवाज आला. पुढचा शब्द आला नाही.

"काय म्हणालास?"

दोर ढिला पडला.

"अरे ए! बोल की!"

दाजीच्या हाकेनं अंगणातून फिटर धावत आला, तो थेट शिडीकडेच. दाजीनं त्याची कॉलर धरली. "खाली नाही जायचं! तू पडलास तर दोघांना ओढायला माणूस कुठनं आणू? दोर धर!" मुकादमानंही हात लावला. ओलं पोतं यावं तसा मेहुणा वर आला, हात लोंबत, ओठ काळेनिळे. त्यांनी त्याला ओढत उघड्यावर नेलं. फिटरनं छाती दाबायला घेतली. दाबत राहिला. मग एकदम मोठा श्वास, उलटी, आणि डोळे उघडले.

"दाजी, मी पडलो का?"

"उपाशी आला असशील," मुकादमानं घाम पुसला. "भोवळ आली."

"नुसत्या चहावर आलो होतो," मेहुणा ओशाळला. फिटर हसला, सगळेच हसले. भीती उतरली की माणसाला कशावरही हसू येतं.

मेहुण्याचं डोकं दाजीच्या मांडीवर होतं. हसता हसता फिटरनं नाकाला फडकं लावलं. "काय घाण मारतोय रे हा! याला घरात घेईल का कोणी?"

दाजी थबकला. मेहुण्याचा लगद्यानं भिजलेला सदरा त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. त्यानं खोल श्वास घेतला. मग सदरा मुठीत धरून थेट नाकाला लावला.

काहीच नाही.

 वास टाकीतून गेलाच नव्हता. पहिल्याच भपकाऱ्यानं नाक मारून टाकलं होतं. आज मारलं, की याआधीही कितीदा? किती वेळा त्यानं मेल्या नाकानं हात वर केला होता?

"चला, ऊन चढतंय," मुकादम म्हणाला. "दाजी, बघा एकदा आणि मोकळे व्हा."

"मीच उतरतो," मेहुणा भिंतीला धरून उठला. "नाहीतर हे जन्मभर चिडवतील. काय दाजी? आहे का वास?"

"मला येत नाही."

"मग झालं तर! साफ आहे."

"टाकी साफ नाही. माझं नाक कामातून गेलंय."

मुकादम चरकला. "असं चारचौघांत काय बोलता? उद्या कोण विश्वास ठेवेल तुमच्यावर?"

"ठेवूच नका."

दाजीनं टाकीपाशी जाऊन लोखंडी झाकण एकट्यानं सरकवत तिच्या तोंडावर आणलं आणि त्यावर मांडी घातली. "वायू मोजायचं यंत्र आणा. तोंडाला हवेची नळी लावलेला शिकलेला माणूस आणा. मग उठतो. आणि याला आधी दवाखान्यात न्या."

"दाजी, उठा ना. ताईला काय सांगू, तुम्ही घाबरलात म्हणून?"

"सांग. घाबरलो म्हणून सांग."

फिटर मेहुण्याला घेऊन गेला. मुकादम साहेबांकडे तक्रार करायला निघाला. दाजी एकटाच बसून राहिला. झाकणाखाली लगद्यात बुडबुडे फुटत होते. एक फुटायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा.