विकणारीचा वाटा

जयगडच्या आमच्या शाळेत एक पाहुण्या बाई एकदाच आल्या. नवी कंपनी कशी उभी राहते, पैसे घालणाऱ्याला तिच्यात हिस्सा कसा मिळतो, हे माझ्या नववीतल्या मुलींना शिकवायला. बोलताना खडूचे हात सारखे ओढणीला पुसायच्या.

"होडीवरच्या मासळीचे वाटे कसे पडतात?" त्यांनी विचारलं.

मुली भराभर सांगू लागल्या. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग खलाशांचे.

"आणि बाजारात विकणारीचा?"

मग एकजण म्हणाली, "आईचा कसला वाटा, मॅडम? ती घरचीच ना."

बाईंनी खडू खाली ठेवला. "कंपनी काढाल तेव्हा आपला हिस्सा पहिल्याच दिवशी लिहून घ्या. नंतर मागितलात तर हेच ऐकाल."

मी मागच्या बाकावर बसले होते. माझी आई जन्मभर बाजारात मासळी विकत बसली. वाटा जाळ्यालाही होता.